दोन मानपाडे

ठाणे जिल्ह्याचा नकाशा उघडा. त्यात मानपाडा हे नाव तुम्हांला दोन ठिकाणी सापडेल. एक मानपाडा ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर आहे. दुसरा डोंबिवलीत आहे.

ठाण्याच्या मानपाड्यामागे हिरवे डोंगर दिसतात. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर होत. हे उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर पसरले आहे. त्यात बिबटे राहतात. मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे तलावही याच जंगलात आहेत.

अशा जंगलाला हद्द असते. हद्द, नकाशा, जमीन, इमारत, कब्जा, दस्तऐवज हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. मराठीने ते फारसी-अरबीतूनच घेतले आहेत. नवा शब्द एकच : अतिक्रमण. जी जागा आपली नाही तिच्यात शिरून कब्जा करणे म्हणजे अतिक्रमण. ते एका दिवसात होत नाही. आधी चार पत्रे उभे राहतात. मग जोते भरले जाते. मग विजेचे मीटर लागते. त्यानंतर घरात मुले जन्माला येतात, शाळेत जाऊ लागतात आणि प्रश्न अवघड होऊन बसतो.

उद्यानात असेच झाले. 1995 साली एक पर्यावरणवादी संस्था उच्च न्यायालयात गेली. 7 मे 1997 रोजी न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा हुकूम दिला. ज्यांची नावे 1 जानेवारी 1995 च्या मतदारयादीत होती त्यांना सात हजार रुपये भरून दुसरीकडे जागा मिळणार होती. प्रथम कल्याणजवळची जागा सुचवण्यात आली. पण मुंबईत मजुरी करणाऱ्याने तेथून रोज कसे यावे? पुढे चांदिवलीला घरे बांधली गेली. न्यायालयाचा हुकूम योग्यच होता, असे मला वाटते. पण पहिले पत्रे उभे राहिले तेव्हाच कोणी अडवले असते, तर इतक्या गरिबांची घरे पाडावी लागली नसती.

येथे एक गोष्ट विसरू नका. जंगलातील प्रत्येक झोपडी म्हणजे अतिक्रमण नव्हे. वारली आदिवासींचे पाडे तेथे फार पूर्वीपासून आहेत. आदिवासींच्या अशा हक्कांसाठी 2006 साली वनहक्क कायदा झाला.

डिसेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने उद्यानाभोवतीचा पट्टा 'पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र' म्हणून जाहीर केला. हा पट्टा कोठे 100 मीटर, तर कोठे 4 किलोमीटर रुंद आहे. म्हणजे आता जंगलाच्या हद्दीबाहेरही मनाला येईल तसे बांधता येत नाही.

बांधकामाचा मुख्य कायदा आहे 1966 चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याच्या कलम 54 प्रमाणे महापालिका चालू काम थांबवू शकते. कलम 53 प्रमाणे ती विनापरवाना बांधकाम हटवण्याची नोटीस देते. नोटिशीची मुदत संपण्याआधी मालक परवानगीसाठी अर्ज करू शकतो. तो निकाली निघेपर्यंत पाडकाम थांबते. ही सोय न्यायाची आहे. पण लबाड माणूस तेवढ्या वेळात आणखी एक मजला चढवतो.

आता डोंबिवलीकडे वळू. येथे अतिक्रमण झाले ते कागदांच्या आडून. महापालिकेच्या परवानगीचे खोटे कागद तयार झाले. त्या कागदांवर 'महारेरा' या सरकारी संस्थेकडून नोंदणी क्रमांकही मिळवले गेले. एका कार्यालयाने दुसऱ्याला विचारलेच नाही! 2022 साली मानपाडा आणि रामनगर पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने अशा 65 इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोवर अनेक कुटुंबे कर्ज काढून त्यांत राहायला आली होती. बांधणाऱ्याने पैसे केव्हाच घेतले होते. नोटीस आली ती राहणाऱ्याच्या दारावर.

याहून भयंकर घटना याच भागात, शीळ येथे घडली होती. 4 एप्रिल 2013 रोजी 'लकी कंपाउंड'मधील विनापरवाना इमारत कोसळली. 74 माणसे मेली. त्यांत मुलेही होती. वरच्या मजल्यांचे काम चालू असतानाच खाली माणसे राहत होती. नंतर बांधणाऱ्यांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. कलम 54 ची नोटीस वेळेवर बजावली गेली असती, तर? हा प्रश्न त्या भागात राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनीच मला विचारला होता.

तुमच्या घरी कधी नव्या घराची बोलणी निघाली, तर दलालाने दाखवलेल्या कागदावर थांबू नका. जमिनीचा सातबारा पाहा. तीवर 'वन' असा शेरा आहे का, ते वाचा. परवानगीचा क्रमांक लिहून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो खरा आहे का, ते विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात वडिलांच्या किंवा आईच्या नावाने अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. हा अर्ज मराठीत कसा लिहावा, ते आपण पत्रलेखनाच्या पाठात पाहू.