नवरीच्या डोळ्यांखाली

सांगली

चि. मनूस,

कराडच्या लग्नाचं काम तू एकटीने घेतलंस, फार बरं केलंस. खोपा, नऊवारी, मुंडावळ्या यांची मला काळजी नाही, त्यात तुझा हात बसलेला आहे. नवरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत, कन्सीलर कुठला घेऊ, असं तू फोनवर विचारलंस. एखादं नाव मी तेव्हाच सांगू शकले असते, पण मुद्दाम सांगितलं नाही. नाव कळलं की आपण थेट ट्यूब उघडतो आणि समोरचा चेहरा बघायचा राहून जातो. या कामात बघणंच निम्म्याहून जास्त आहे.

ट्रायलच्या दिवशी तिला धुतलेल्या चेहऱ्याने खिडकीशी बसव, ट्यूबलाइटखाली नको. डोळ्याखालची कातडी बोटाने अगदी हलकी ताणून बघ. तपकिरी रंग होता तसाच राहिला, तर तो कातडीतच आहे, मेलॅनिनचा आहे. आपल्या वर्णाच्या माणसांत हा प्रकार फार आढळतो आणि पुष्कळदा घराण्यातून आलेला असतो. नवरीची आई शेजारी असेल, तिचे डोळे बघितलेस की उत्तर मिळेल. सर्दी-अॅलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलींतही तो वाढतो. ताणल्यावर निळसर-जांभळी छटा उलट गडद झाली, तर ते खालच्या रक्तवाहिन्यांचं दिसणं आहे. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, अंगावर इतकी पातळ कातडी दुसरीकडे नाही, म्हणून आतलं बाहेर दिसतं. मग तिला हनुवटी उचलून तोंड उजेडाकडे करायला सांग. काळेपणा तेवढ्याने नाहीसा झाला, तर तो रंग नव्हताच, नाकाच्या कडेने गालाकडे उतरणाऱ्या खळग्याची सावली होती. बऱ्याच जणींना यातले दोन प्रकार एकत्र असतात. कुठला किती, हे ठरल्याशिवाय हात लावू नकोस, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

निळसर आणि गडद तपकिरी काळेपणावर थेट फिका कन्सीलर लावला की तिथे राखाडी छटा येते. फिक्या शेडमध्ये पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं आणि त्याच्या पातळ थरातून खालचा काळेपणा डोकावतो. राखाडी झालं की मेकअप करणारी थर वाढवते, आणि तासाभरात त्या थराला भेगा पडतात. शाळेत चित्रकलेच्या तासाला रंगचक्र शिकलीस ना, त्यात निळ्याच्या समोर केशरी असतो. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. म्हणून आधी केशरी छटेचा करेक्टर आणि त्यावर कन्सीलर. गोऱ्या मुलीला पीच पुरतो, गव्हाळ वर्णाला पीच आणि केशरीच्या मधला लागतो, सावळीला चांगला केशरी, त्याहून गडद वर्णाला विटकरीकडे झुकणारा. करेक्टर फक्त काळेपणावर लाव, बाहेर गेला तर तो कन्सीलरमधूनही केशरी दिसत राहतो. नुसती खळग्याची सावली असेल तर केशरी लावूच नकोस. तिथे किंचित उजळ छटा, तीही फक्त खळग्याच्या रेषेत. डोळ्यांखाली सूज असेल तर सुजेवर उजळ काही लावलं की ती आणखी पुढे येते. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर टेकव आणि सुजेखालच्या रेषेपुरतंच काम कर.

आता शेड. हाताच्या पाठीवर बघून घेऊ नकोस, हाताचा आणि चेहऱ्याचा रंग सहसा जुळत नाही. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या रेघा ओढ, दहा मिनिटं थांब आणि दाराशी नेऊन बघ. बरेच कन्सीलर हवा लागली की थोडे गडद होतात, दुकानात पसंत केलेला घरी वेगळा दिसतो तो यामुळेच. जी रेघ कातडीत विरून जाईल ती तुझी. डोळ्यांखाली फार तर अर्धी शेड उजळ चालेल. आपल्या मुलींच्या वर्णात बहुधा पिवळसर झाक असते, गुलाबी झाकेचा कन्सीलर त्यावर वेगळा उठून दिसतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. घरातली कोणीतरी मागे उभी राहून "अजून थोडी उजळ करा" म्हणणारच. ऐकू नकोस. डोळ्यांखाली दोन शेड उजळ केलं की सावळ्या चेहऱ्यावर दोन पांढऱ्या चंद्रकोरी उमटतात, आणि त्या अल्बममध्ये आयुष्यभर राहतात. मान आणि चेहरा एका रंगाचे दिसले पाहिजेत, नवरी स्वतःसारखी दिसली पाहिजे. तिचा वर्ण हा दोष नाही आणि तो झाकायला तुला बोलावलेलं नाही. नम्रपणे पण स्पष्ट सांग. तुझी गिऱ्हाइकं त्यामुळे कमी होणार नाहीत.

पोत कुठला, तर डोळ्यांखाली पातळ, लिक्विड कन्सीलरच बरा. आपल्याकडे पार्लरमध्ये वर्षानुवर्षं क्रायोलनच्या स्टिकवर नवऱ्या तयार झाल्या. बर्लिनची ही 1945 सालची कंपनी, नाटक-सिनेमाच्या रंगांसाठी नावाजलेली, आणि माल अव्वल. पण ती स्टिक स्टेजच्या आणि टीव्हीच्या दिव्यांसाठी केलेली आहे. दुरून बघायचा तो मेकअप, आणि नवरीला लोक हातभर अंतरावरून बघतात. स्टिकचा केशरी करेक्टर म्हणून वापरायचा असेल तर पॅलेटवर बोटाने ऊब देऊन मऊ कर आणि नखाच्या टोकावर मावेल इतकाच घे. नवीन काहीही वापरायचं असेल तर आठवडाभर आधी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांब.

हळद आदल्या संध्याकाळी असेल, तर सकाळी डोळ्यांच्या कडेला पिवळेपणा उरलेला असतो. तो साबणाने घासून जात नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. कापसावर खोबरेल घेऊन हलक्या हाताने टिप, मग सौम्य फेसवॉशने तेल काढ. तेल राहिलं तर वरचं सगळं सरकेल. त्यानंतर मॉइश्चरायझर अगदी पातळ, पाच मिनिटं थांबून जास्तीचं टिश्यूने टिपून घे.

डोळ्यांचा मेकअप आधी कर, खालचं मागाहून, म्हणजे गळलेली आयशॅडो पुसताना कन्सीलर निघत नाही. मग करेक्टर टेकवून मिसळ, त्यावर कन्सीलर, दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी एक ठिपका आणि काळेपणा जिथे संपतो त्या कडेवर एक. अनामिकेने टेकवत जा, त्या बोटाचा दाब मुळातच कमी असतो आणि बोटाच्या उबेने क्रीम कातडीत बसतं. ओढू नकोस, चोळू नकोस. पापणीच्या केसांलगतची बारीक पट्टी मोकळी सोड, तिथला कन्सीलर काजळाला ओढून खाली आणतो. मोबाइलवर दाखवतात तसे गालापर्यंत मोठे त्रिकोण काढायची काही गरज नाही.

पावडर लावण्याआधी तिला वर बघायला सांग. आतापर्यंत बारीक सुरकुत्यांत थोडं क्रीम साचलेलं असेल, ते बोटाने सपाट कर आणि त्याच क्षणी छोट्या ब्रशने चिमूटभर पावडर टेकव. पावडरचा जाड थर देऊन ठेवू नकोस, दुपारपर्यंत तिथे चाळीस वर्षांची बाई दिसेल. फ्लॅशचा एक फोटो काढून बघच. सिलिका असलेल्या काही पारदर्शक पावडरी आरशात दिसत नाहीत आणि फ्लॅशमध्ये पांढऱ्याफटक उठतात.

मंगलाष्टकांना रडली नाही तरी पाठवणीला ती रडेल. करवलीला आधीच शिकवून ठेव, टिश्यूची घडी खालच्या पापणीच्या कडेशी धरायची, पाणी शोषू द्यायचं, पुसायचं नाही.

स्वच्छतेत तडजोड नको. ट्यूबची कांडी थेट कोणाच्याही डोळ्याखाली टेकवायची नाही, स्टीलच्या पॅलेटवर काढून घ्यायचं. एकीचे डोळे आलेले असले तर पुढच्या सगळ्यांना प्रसाद मिळतो. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि आत आकडा असतो, तितके महिने ती उघडल्यावर चालते. झाकणावर उघडल्याची तारीख लिहीत जा.

ट्रायल लग्नाच्या महिनाभर आधी ठेव, त्यालाही कारण आहे. काही काळेपणा आपल्या डब्यातल्या रंगांनी सुटणारा नसतो. मुलगी फिकट दिसते, जिना चढताना दम लागतो म्हणते, तर रक्त तपासून घ्यायला सांग. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता, आणि चेहरा पांढुरका पडला की डोळ्यांखालचं अधिकच गडद दिसतं. डोळे खाजत असतील तर आधी अॅलर्जीचा इलाज. गोरं करणारं म्हणून मेडिकलमधून आणलेलं क्रीम ती डोळ्यांखाली लावत असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांग. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि डोळ्याच्या आत पोचलं तर नजरेला धोका. नवरीच्या आईचीही काळेपणाची तक्रार असेल तर काचबिंदूचे थेंब चालू आहेत का ते विचार, त्यांतल्या काही थेंबांनी पापण्या काळवंडतात. हे सगळं बाजूला घेऊन, हळू आवाजात बोल. चार बायकांत "डोळ्यांखाली किती काळं आहे गं" असं कधीही म्हणू नकोस. लग्नाच्या घरात मुलीला ते आधीच दहा जणींनी ऐकवलेलं असतं.

ट्रायल झाली की दोन फोटो पाठव, एक खिडकीपाशी आणि एक फ्लॅशमध्ये. शेड ठरवायची घाई करू नकोस, फोटो बघून मी रात्री फोन करते.

तुझी,
आत्या