वटवाघूळ, विषाणू आणि गावाची जबाबदारी

वैनगंगेकाठच्या लाखांदूर परिसरात वड, पिंपळ, चिंच अशा जुन्या वृक्षांवर लोंबकळणारी फलाहारी वटवाघळे ग्रामस्थांच्या परिचयाची आहेत. साथीची वार्ता आली की अशी झाडे तोडण्याची मागणी ग्रामसभेत होण्याचा संभव असतो. त्यापूर्वी शास्त्र काय सांगते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पुणे येथील राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. तपासणीत निपाह विषाणूचे जनुकीय द्रव्य व त्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वेळेपर्यंत महाराष्ट्रात निपाहचा एकही मानवी रुग्ण नोंदला गेला नव्हता.

या शोधाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. खळ्यावर धानाचे तूस सापडले, तर तेथे धान होते एवढे कळते. परंतु तूस पेरून पीक उगवत नाही. त्याचप्रमाणे जनुकीय द्रव्याचा अंश सापडला, म्हणजे जिवंत, रोगकारक विषाणू हाती लागलाच असे नव्हे. प्रतिपिंडे ही तर पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची खूण होय.

तथापि गाफील राहणेही योग्य नाही. मलेशियात १९९८-९९ साली हा रोग डुकरांमार्फत माणसांत पसरला व शंभरावर माणसे दगावली. बांगला देशात वटवाघळांनी दूषित केलेला खजुरीचा कच्चा रस कारणीभूत ठरला. २००१ मध्ये सिलिगुडी व २०१८ मध्ये कोझिकोड येथे रुग्णांपासून शुश्रूषा करणाऱ्यांनाही लागण झाली. कोझिकोड येथे प्रथम विहिरीतील कीटकभक्षी वटवाघळांवर संशय होता. त्यांच्यात विषाणू आढळला नाही. पुढे तो फलाहारी वटवाघळांत आढळला.

वटवाघळांना हुसकावणे हा उपाय नव्हे. थवे विखुरल्यास ती नव्या वस्त्यांत शिरतात आणि ताणामुळे त्यांच्या शरीरातून विषाणू अधिक बाहेर पडण्याची शक्यता असते. शिवाय मोहासारख्या वृक्षांचे परागीभवन व बीजप्रसार ती करतात. मोहफुलांवर उपजीविका अवलंबून असणाऱ्या कुटुंबांना या सेवेचे मोल सांगावयास नको.

ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी पुढील गोष्टी लोकांना समजावून द्याव्यात. दात लागलेली फळे खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत. इतर फळे धुऊन, सोलून खावीत. सिंदीच्या रसाची मडकी झाकावीत व कच्चा रस पिणे टाळावे. मृत वटवाघळाला मुलांनी हात लावू नये. ते आढळल्यास वन किंवा पशुसंवर्धन खात्यास कळवावे. तापाबरोबर भ्रम वा झोपाळूपणा दिसल्यास रुग्णाला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

झाड राखावे आणि फळ पारखून घ्यावे, यातच गावाचे हित आहे.