टेंभुर्णी : झुडूप की झाड?

उन्हाळा लागला की आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या घरची माणसे पहाटेच तेंदूपत्त्याला जातात. पण टेंभुर्णी केवढी असते असे विचारले, की आपण हात कमरेपाशी नेऊन दाखवतो. खरे पाहता टेंभुर्णी हे झुडूप नाही, चांगले उंच वाढणारे झाड आहे. त्याची माहिती मी पुढे देत आहे.

ओळख : तेंदू, टेंभुर्णी, टेंभरू ही एकाच झाडाची नावे होत. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘काळे लाकूड’. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मुरमाड टेकड्यांवर साग, धावडा यांच्या सोबतीने ते वाढते. मोठ्या झाडाची साल काळपट असते व तिला चौकोनी भेगा पडतात, जशी मगरीची पाठ. पान जाड व चिवट असते.

वाढ : बी रुजले की आधी मूळ खोल जाते, शेंडा मागेच राहतो. वणव्याने शेंडा जळाला तरी मूळ मरत नाही. त्यातून पुन्हा फूट येते. असे कितीदा तरी होते. म्हणून वर वीतभर दिसणारे रोप खाली जुने असू शकते. आमच्या धुऱ्यावर एक टेंभुर्णी आहे. आजी म्हणते, “बाप्पा, म्या लगन होऊन आली तवाबी हे एवढंच होतं!”

लाकूड : झाड म्हातारे झाले की त्याच्या पोटात काळाभोर, जड गाभा तयार होतो. प्रसिद्ध आबनूस याच कुळातला. तरण्या झाडात हा गाभा सापडत नाही.

पान : हे पान वाळल्यावरही वळते, सहसा फाटत नाही, म्हणून विडीला वापरतात. कोवळी पाने मिळावीत म्हणून झुडपे आधी छाटतात. आई ७० पाने मोजून एक पुडा बांधते. असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते, म्हणजे ७०,००० पाने! २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजांमध्ये तेंदूपत्त्याचे नाव घातलेले आहे. त्यामुळे हक्क मिळालेल्या ग्रामसभा पाने स्वतः विकू शकतात. विडी शरीराला घातक आहे हे आपण शिकलोच आहोत. पण पानाच्या पैशातून कितीतरी घरी जूनमध्ये वह्या-पुस्तके येतात, हेही खरे.

फळ : टेंभरे पिवळी व गोड असतात. ती आपल्याला आवडतात, तशीच अस्वलालाही. फूल आल्यापासून फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागते. आता महत्त्वाची गोष्ट. टेंभुर्णीत नर झाड वेगळे व मादी झाड वेगळे असते. फळे फक्त मादी झाडाला येतात. “याला काई फळ लागत नाई, तोडा” असे म्हणून लोक नर झाड तोडतात. मग शेजारच्या मादी झाडाला फळ कोठून धरणार? आणि जे झुडूप दरवर्षी छाटले जाते, ते फुलण्याएवढे मोठेच होत नाही. फळ नाही तर बी नाही, आणि बी नाही तर नवे झाड नाही.

आपण काय करावे :
१) पानांसाठी झुडपे छाटावीत, पण प्रत्येक टेकडीवर काही झाडे मोठी होऊ द्यावीत.
२) फळ न देणारे झाड निकामी समजू नये.
३) नवी पालवी यावी म्हणून जंगलात आग लावू नये. आगीत लहान रोपे दरवर्षी मागे पडतात.
४) टेंभरे खाल्ल्यावर बिया टेकडीवरच टाकाव्यात.

झाड तोडायला एक सकाळ पुरते. तेवढेच झाड पुन्हा उभे राहायला दोन पिढ्या जातात. म्हणून पालकांनाही माझी विनंती आहे, की या हंगामात आपल्या धुऱ्यावरची एक तरी टेंभुर्णी न छाटता सोडावी.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी