मार्कांवरून नव्हे, क्रमांकावरून कॉलेज शोधा

नीटचा निकाल लागला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘इतक्या मार्कांना कुठलं मेडिकल मिळेल?’ आणि लगेच गेल्या वर्षीच्या कट-ऑफची यादी मोबाइलवर उघडली जाते. पालकहो, ती यादी मार्कांची असेल, तर आधी बाजूला ठेवा.

एकच आकडा पाहू. 2024 साली 720 पैकी साडेसहाशेच्या वर गुण मिळवणारे विद्यार्थी देशात सुमारे 30 हजार होते. 2025 साली ते उरले 73. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते 686. म्हणजे ज्या 650 गुणांवर 2024 मध्ये खुल्या गटातलं मूल सरकारी जागेच्या काठावर उभं होतं, त्याच गुणांवर 2025 मध्ये ते देशातल्या पहिल्या शंभरात असतं. मुलं तेवढीच हुशार होती, पेपर अवघड होता. फिजिक्सने तर भल्याभल्यांना घाम फोडला. म्हणून 2025 मध्ये 520 गुण पाहून ज्या घरांत मूल आणि आई-वडील दोघांचीही जेवणावरची वासना उडाली, तिथे मला फार वाईट वाटलं. ते गुण मागच्या वर्षीच्या मापाने मोजले जात होते.

बघायचा तो क्रमांक. अखिल भारतीय क्रमांक, आणि महाराष्ट्रातल्या जागांसाठी सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश यंत्रणा) राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक. गेल्या वर्षी आपल्या प्रवर्गात अमुक कॉलेज राज्य यादीतल्या कितव्या क्रमांकापर्यंत गेलं, हे सेलने जाहीर केलेल्या वाटप याद्यांत सापडतं. पहिल्या फेरीची यादी पाहून धीर सोडू नका. शेवटच्या फेरीचीही पाहा. दोन्हींत बरंच अंतर असतं. नव्या जागा वाढल्या की क्रमांकही थोडे सरकतात. 2024 मध्ये राज्याला एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं मिळाली, हिंगोली, वाशीम, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतही.

नोंदणी मात्र दोन ठिकाणी करायची असते. सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते. सगळी एम्स आणि अभिमत विद्यापीठंही तिच्याकडेच. उरलेल्या 85 टक्के सरकारी जागा आणि राज्यातली खाजगी कॉलेजं सीईटी सेलकडे. एकीकडे अर्ज केला म्हणजे दुसरीकडे आपोआप नाव लागत नाही. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयासाठी (एएफएमसी) एमसीसीवर पसंती नोंदवून पुढे वेगळी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते.

आता पसंतीक्रम. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘केईएम मिळणारच नाही, मग पहिला नंबर कशाला वाया घालवायचा?’ असं म्हणून पालक शक्यतेच्या हिशेबाने यादी लावतात. पण पसंती कधीच वाया जात नाही. संगणक गुणवत्ता यादीतल्या एकेका विद्यार्थ्यापाशी येतो, त्याची पसंती वरून खाली तपासतो आणि पहिलं शिल्लक असलेलं कॉलेज देतो. केईएम नाही मिळालं, तर तो दुसऱ्या पसंतीकडे जातो. दुसऱ्या पसंतीवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट मनापासून नको असलेलं कॉलेज ‘हे तरी मिळेल’ म्हणून वर टाकलंत, तर तेच गळ्यात पडतं. यादी इच्छेच्या क्रमाने लावा, आणि जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत घालू नका. मिळालेली जागा सोडण्याचे नियम फेरीगणिक कडक होत जातात, अनामतही जाऊ शकते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या व्हिडिओवर विसंबू नका. मोठ्या चुलतभावाचा सल्लाही तपासून घ्या : मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र यांतला 70:30चा प्रादेशिक कोटा 2020 सालीच रद्द झाला. लातूरच्या मुलीला मुंबईची जागा आता गुणवत्तेवरच मिळते.

इच्छेचा क्रम तरी कशावरून ठरवायचा? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न सगळ्या कॉलेजांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा एकच. फरक वॉर्डात असतो. मुंबईचं जेजे, केईएम, सायन, पुण्याचं बीजे यांना मागणी आहे ती रास्तच आहे. पण मिरज आणि सोलापूरला कर्नाटकातूनही रुग्ण येतात, अंबाजोगाईला आसपासच्या ग्रामीण भागातले. तिथे विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळतं. शक्य असेल तर कामाच्या दिवशी सकाळी ओपीडीच्या वेळी कॉलेजात जा. इंटर्न मुलांना विचारा, स्वतः किती बाळंतपणं केली, टाके घालायला कोण शिकवतं, लेक्चर नियमित होतात का. ज्या चकचकीत रुग्णालयाच्या खाटा रिकाम्या दिसतात, त्याला मी कितीही इमारती असल्या तरी खालीच ठेवीन.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. काही अभिमत विद्यापीठांची फी वर्षाला 20 लाखांच्या पुढे आहे, आणि एमबीबीएसनंतर एमडी-एमएसची स्पर्धा उभीच असते. शेत किंवा राहतं घर विकून ही फी भरू नका, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. त्यापेक्षा नवं, शिक्षक थोडे कमी असलेलं जिल्ह्याचं सरकारी कॉलेज बरं. तिथल्या बंधपत्रानुसार एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते, पण त्या वर्षाचा पगार मिळतो आणि अनुभवही.

आणि कागदपत्रं. जात वैधता प्रमाणपत्र आणि, लागू असेल तिथे, चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेअर हातात नसलं, तर चांगला क्रमांक असूनही प्रवर्गाची जागा हातची जाते. मूल बारावीत जातानाच, म्हणजे निकालाच्या वर्षभर आधी, जात वैधतेसाठी पडताळणी समितीकडे अर्ज करून पावती जपून ठेवा.