जादाची नाईट कुणाच्या खाती?

नर्सिंगमध्ये माणूस कामाच्या ओझ्यानं खचतो, असं सर्रास बोललं जातं. वॉर्डात वर्षं काढल्यावर मला ते अर्धंच खरं वाटतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात कोरोनाची दुसरी लाट ओसरत आली तरी कोल्हापुरात रुग्ण कमी होईनात, आणि त्यातच जुलैअखेर पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर पडली. अशा दिवसांत रिलीव्हर पोचला नाही तर आतली पाळी आतच थांबते, आणि बहुतेक जणी कुरकुर न करता थांबतात. पाणी कधीतरी उतरणार हे माहीत असतं, आणि डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळेच राबत असतात. खचणं सुरू होतं ते नंतर. पुरात मान्य केलेली डबल ड्युटी पूर ओसरल्यावरही ड्युटी लिस्टमध्ये मुक्काम ठोकते, आणि तिची बदली सुटी कधी मिळणार, हे कुणीच सांगत नाही.

जर्मनीत काम केलेले समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला सिद्धांत इथं नेमका लागू पडतो, असं मला वाटतं. श्रम जास्त आणि मोबदला कमी ही स्थिती लांबली की माणूस आजारी पडतो, असं त्यांचं म्हणणं. पण मोबदल्यात त्यांनी पैशाबरोबर मान धरला, आणि बढती व नोकरीची शाश्वतीही धरली. म्हणूनच ‘सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ३५,४०० पासून सुरू होतो, मग सरकारी सिस्टरला तक्रार कसली?’ हा प्रश्न अपुरा आहे. पगार बरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण कोल्हापूरकर ज्याला अजून थोरला दवाखाना म्हणतात त्या सीपीआरसारख्या रुग्णालयात जिल्ह्याबरोबर कोकणातून आणि बेळगावकडूनही रुग्ण येतात, आणि खाटा भरल्या म्हणून सरकारी दार बंद करता येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतातून भरती नको ही ठळक मागणी होती. ती शाश्वतीची मागणी होती. मानाचं म्हणाल, तर मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजल्या, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून फुलंही पडली. साथीपुरत्या घेतलेल्या कंत्राटी मुलींना पुढं घरी पाठवताना त्या फुलांची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

‘ही नोकरी नव्हे, सेवा आहे’ हा आक्षेप सगळ्यांत जुना. तो घेणारे बहुतेक वेळा स्वतः नाईट करत नाहीत, पण तेवढ्यानं तो खोटा ठरत नाही. रुग्णाला तहान लागलेली असताना मी घड्याळ बघत बसावं असं मीही म्हणणार नाही. मात्र सेवेचाच निकष लावायचा, तर रुग्णाचं काय होतं ते पाहू. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका नर्समागे एकेक रुग्ण वाढत गेला तशी शस्त्रक्रियेच्या रुग्णांची ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स खचण्याची २३ टक्क्यांनी. तेव्हा कमी माणसांत वॉर्ड निमूटपणे ओढून नेणारी सिस्टर त्यागी असेल, पण तिच्या त्यागाची किंमत सात नंबरच्या खाटेवरचा माणूसही मोजत असतो. आपणच जीव तोडून भरपाई करत राहायची, या स्वभावालाही सीग्रिस्ट धोक्यात मोजतात. चांगल्या नर्समध्ये तो हटकून असतो आणि इनचार्जना तो पक्का ठाऊक असतो.

खासगीतली अडचण वेगळी. राजारामपुरी, शाहूपुरीतली छोटी हॉस्पिटलं म्हणतात, आम्हाला परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारीइतका पगार. शिफारस अंमलात आणायची राज्यांनी. तिचा भरवसा धरून घरभाडं ठरवू नये. छोट्या हॉस्पिटलची पैशाची ओढाताण मी मान्य करते. पण महिन्याची ड्युटी लिस्ट आधी लावणं, नाईटनंतर लगेच मॉर्निंग न देणं, नातेवाईक अंगावर आले तर रात्री दारात माणूस असणं, यातल्या पहिल्या दोन गोष्टींना कागदापलीकडे खर्च नाही. त्याऐवजी तणावमुक्तीची दोन तासांची कार्यशाळा होते, तीही बऱ्याचदा नाईट ऑफच्या दिवशी! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट न हाताळल्यानं उद्भवणारी स्थिती, अशी ती नोंद आहे. मग नुसत्या प्राणायामानं काय होणार?

म्हणून नव्या मुलींना माझं सांगणं असं. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा, रजेसाठी राखीव स्टाफ किती? भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषात रजेसाठी ३० टक्के जादा माणसं धरलेली आहेत. जिथं ती नाहीत तिथं एकीचं बाळंतपण दुसरीची डबल ड्युटी होतं आणि दोघींत वितुष्ट येतं, व्यवस्थापन मात्र नामानिराळं राहतं. मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेत असेल तर तिथं रुजू होऊ नका. जादा पाळी करायला हरकत नाही, पण रिपोर्ट बुकात त्या रात्रीचे रुग्ण किती आणि स्टाफ किती हे आकडे लिहा, आणि बदली सुटीची तारीख त्याच दिवशी लेखी मागा. ‘तेवढ्यासाठी कशाला वाईटपणा’ असं वरिष्ठ मैत्रिणीच म्हणतील. त्यांचं ऐकून घ्या आणि तरी लिहा. पुढं औषध चुकलं, चौकशी बसली, तर त्या रात्री एकीच्या अंगावर किती रुग्ण होते हे सांगणारी तेवढीच ओळ असते. ऑफच्या दिवशीही झोप लागेनाशी झाली, किंवा नातेवाइकाच्या साध्या प्रश्नानंही डोकं फिरू लागलं, तर वॉर्ड बदलून मागा. तोवर राजीनामा लिहायला घेऊ नका. आणि इनचार्ज झालात की ड्युटी लिस्ट करताना ‘नाही’ न म्हणणारीचं नाव सगळ्यांत शेवटी घाला.