फटाके सायलेंसरमध्ये, खर्च संगणकावर

धर्माबादच्या मिरची बाजारात दिवाणजी असलेल्या एका तरुणाने बीएस-६ बुलेटला मोकळा सायलेंसर बसवून घेतला. आवाज मनासारखा आला, पण ॲक्सिलेटर सोडला की मागे फटाके. दुकानदार म्हणाला, इंजेक्शन ट्यून करावं लागेल. तरुणाने सगळ्यात स्वस्त पर्याय घेतला: ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत जोडायची डबी. फटाके चार दिवस कमी वाटले. मग ॲव्हरेज पडलं आणि प्लग काजळीने काळा निघाला.

शेवटी नांदेडच्या एका मिस्त्रीने सायलेंसरच्या जोडावर हात धरला. गॅस्केट नीट बसलेलंच नव्हतं.

निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. सरळ चालीत सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतं. जोडातून बाहेरची हवा शिरली की सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू ते वाढवतं. डबीही हीच थाप मारते. म्हणजे इथे पेट्रोल दोनदा वाढलं! शिवाय पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सहसा या सेन्सरकडे बघतच नाही. ज्या पिकअपसाठी पैसे मोजले, नेमकी तिथेच डबी निकामी.

ईसीयूला जोडायच्या पिगीबॅक यंत्राची गोष्ट वेगळी. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक हे त्याचं देशी उदाहरण. मूळ ईसीयूला हात न लावता ते इंजेक्टर आणि स्पार्कचा वेळ बदलतं. काढलं की गाडी पूर्ववत. रोजच्या गाडीत बदल करायचाच असेल तर हा पर्याय त्यातल्या त्यात बरा. रीमॅपमध्ये ईसीयूच्या आतले आकडेच बदलतात. काम सफाईचं होतं, पण मूळ फाइल आधी जपून ठेवली नाही तर परतीची वाट अवघड, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच. संपूर्ण नवं ईसीयू शर्यतीच्या ट्रॅकवर शोभतं.

कुठलाही मॅप, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्कच्या आकड्यांचा तक्ता, घेताना तो कोणत्या सायलेंसरवर, कोणत्या फिल्टरवर आणि कोणत्या पेट्रोलवर बनला, हे विचारावं. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलला हवा सुमारे १३.५ पटच लागते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप पूर्ण थ्रॉटलला कमी पेट्रोल देऊ शकतो. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून काढलेला आधीचा आणि नंतरचा आलेख जो दाखवत नाही, त्याचं "दोन बीएचपी वाढले" हे निव्वळ बोलणं. आणि त्याही आधी एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडी, गॅस्केट तपासून घ्यावं.

कायद्याचं कुणी दुकानात सांगत नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्याची हद्द ओलांडून तेलंगणातल्या बासरला गेलं तरी कलम तेच. कायदा केंद्राचा आहे.