केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल? आधी गणिताची वही काढा

सीईटीचा निकाल लागला की नाशिकच्या घराघरांत दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "केमिस्ट्रीत मार्क चांगले आहेत, केमिकलला टाकू." दुसरं, "कॉम्प्युटर मिळत नाही ना, मग केमिकल तर केमिकल." दोन्हींत गफलत आहे. नवा पदार्थ शोधणं हे केमिस्टचं काम. बीकरमध्ये जमलेली गोष्ट दहा हजार लिटरच्या टाकीत, रोज, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात करून दाखवणं हे केमिकल इंजिनिअरचं. त्यासाठी रसायनशास्त्र लागतंच, पण रोजचा व्यवहार गणिताशी असतो, आणि तेही बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर. अभ्यासक्रमात या गणिताचं नाव न्यूमेरिकल मेथड्स.

आपल्या जिल्ह्यातलीच वाइन घ्या. वाइनसाठी तयार झालेल्या द्राक्षांच्या एक लिटर रसात साधारण 220 ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खातं. कागदावरचा हिशेब असा की 180 ग्रॅम ग्लुकोजचं 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, आणि सोबत सुमारे 100 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही उष्णता टाकीतून काढलीच नाही, तर रसाचं तापमान जवळपास 30 अंशांनी चढेल. 20 अंशांवर सुरू केलेला रस 50 कडे निघाला, की तिथे पोचण्याआधीच यीस्ट मरतं, साखर अर्धवट राहते आणि सगळा घाणा वाया. म्हणून टाकीला थंड जॅकेट असतं. व्हाइट वाइन तर 15 अंशांच्या आसपासच आंबवतात.

आता इंजिनिअरपुढचा प्रश्न: चिलर केवढा घ्यायचा, आणि तो कोणत्या दिवशी किती चालवायचा? साखर किती वेगाने संपेल हे यीस्टवर अवलंबून. यीस्टची वाढ साखरेवर, अल्कोहोलवर आणि तापमानावर. तापमान पुन्हा साखर संपण्याच्या वेगावर. समीकरणं एकमेकांत अशी अडकलेली असतात की बारावीच्या पुस्तकासारखं इंटिग्रेशन करून सुटसुटीत उत्तर निघत नाही. मग काळाचे छोटे तुकडे पाडायचे. या क्षणाचा वेग काढायचा, तेवढ्याच वेगाने एक पाऊल पुढे जायचं, तिथे नवा वेग काढायचा, पुन्हा पुढे. ही ऑयलरची पद्धत, अठराव्या शतकातली. तिच्या सुधारलेल्या बहिणी रुंगे-कुट्टा घराण्यातल्या, आणि त्यांनाही सव्वाशे वर्षं होत आली.

ही पद्धत घरी करून बघता येते. सोपं धरू, की कोणत्याही क्षणी साखर शिल्लक साखरेच्या रोज 10 टक्के या वेगाने संपते. एक दिवसाचं पाऊल घेतलं तर 220 चे 198, मग 178.2. अचूक सूत्राने दोन दिवसांनी 180.1 ग्रॅम उरायला हवी. अर्ध्या दिवसाचं पाऊल घेतलं तर उत्तर 179.2 येतं, म्हणजे खऱ्याच्या जवळ सरकतं. आता घाई करून एकदम 15 दिवसांचं पाऊल टाका. उत्तर येतं उणे 110 ग्रॅम. टाकीत उणे साखर! कॉम्प्युटरला यात काहीही वावगं वाटत नाही. तो आकडा छापतो आणि गप्प बसतो. हा आकडा खोटा आहे हे ओळखणाऱ्या माणसाला कंपनी पगार देते.

सातपूरच्या सिएटच्या कारखान्यात टायर बनतात. तिथेही असाच प्रश्न असतो. टायर जाडजूड, रबरातून उष्णता सावकाश आत जाते. बाहेरचा थर जास्त भाजू नये आणि आतला कच्चा राहू नये, तर साच्यात किती वेळ ठेवायचा? जाडीचे पातळ थर कल्पून प्रत्येक थराचं तापमान क्रमाने काढत गेलं की अंदाज येतो. इथेनॉलच्या डिस्टिलेशन कॉलमचंही तसंच. प्रत्येक ट्रेचं समीकरण वरच्या आणि खालच्या ट्रेशी जोडलेलं, त्यामुळे मॅट्रिक्समध्ये तीनच तिरक्या रेषा भरतात आणि बाकी सगळी शून्यं. अशा मॅट्रिक्सला ट्रायडायगोनल म्हणतात. पुण्यात याच प्रकारच्या गणनेचं काम करणाऱ्या एका कंपनीचं नावही ट्रायडायगोनल सोल्युशन्स आहे.

पालक विचारतात, "हे सगळं सॉफ्टवेअर करतं ना? मग शिकायचं कशाला?" अॅस्पेनसारखी सॉफ्टवेअर करतात, खरं आहे. पण आतली पद्धत ठाऊक नसलेला मुलगा 'नॉट कन्व्हर्ज्ड' असा लाल संदेश आला की सुरुवातीचे अंदाज डोळे मिटून बदलत बसतो. समीकरणं सोडवणारी न्यूटन-राफसन पद्धत कुठे अडकते, हे समजलेली मुलगी दोन मिनिटांत मार्ग काढते. एआयच्या काळात हा फरक वाढेल असं मला वाटतं, कारण कोड लिहून मिळेल, पण उणे साखर ओळखून मिळणार नाही.

शिकण्याची सोय आपल्याकडे चांगली आहे. नाशिकमध्ये पंचवटीत के. के. वाघ महाविद्यालयात केमिकलची शाखा आहे. माटुंग्याची आयसीटी 1933 पासूनची, जुने लोक तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी रिअॅक्टरमधल्या प्रवाहांच्या गणनेवर केलेलं मोठं काम तिथलंच. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 ची. पण कॉलेज कोणतंही मिळो, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाकडे जरूर वळा. तो उभा करणारे प्रा. कन्नन मौदगल्य स्वतः केमिकल इंजिनिअरिंगचे. डीडब्ल्यूसिम हे मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअर आणि सायलॅब या प्रकल्पातून शिकता येतं. शिवाय आयआयटीचेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. हजारो रुपयांच्या क्लासआधी हे उघडून बघा.

आता नोकरीचं. गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही. नाशिकच्या एमआयडीसीत इंजिनिअरिंग, इलेक्ट्रिकल आणि औषधांचे कारखाने जास्त. मोठा रासायनिक पट्टा तारापूर, रोहा, महाड, लोटे इकडे. म्हणजे मूल घर सोडणार, आणि बहुधा पहिली काही वर्षं प्लांटवर शिफ्ट ड्युटी करणार. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मावसभावापेक्षा कमी असला तर जेवणाच्या ताटावर तुलना करू नका. गणना पक्की असलेल्यांना पुढे प्रोसेस डिझाइन, सिम्युलेशन, कंट्रोल, सेफ्टी अशी दारं उघडतात. इथेनॉल प्लांट उभारणाऱ्या पुण्याच्या प्राजसारख्या कंपन्यांना अशीच माणसं लागतात. सेफ्टीचं महत्त्व तर 1984 च्या भोपाळनंतर कुणी सांगायला नको. टाकीतली अभिक्रिया हाताबाहेर कधी जाईल, याचं गणित आधी कागदावर सुटलेलं असावं लागतं.

मुलाला गणिताची खरोखर धास्ती असेल, तर केमिकल घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. केमिस्ट्री मनापासून आवडत असेल, तर बीएस्सी, एमएस्सी हा रस्ता जास्त सन्मानाचा आणि सुखाचा. उलट गणित आवडतं पण दिवसभर नुसत्या स्क्रीनसमोर बसायला जीव घाबरतो, अशा मुलामुलींसाठी यासारखी शाखा नाही. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एक्सेल उघडून वरचं साखरेचं कोष्टक मुलालाच करू द्या, पाऊल लहानमोठं करून बघू द्या. शेजारी बसून उत्तर सांगू नका. तो तासभर त्यात रमला, तर केमिकल यादीत वर टाकायला हरकत नाही.